आघाडीवीर विकण्यापूर्वी संघ कोणाचा ते ठरवा

फुटबॉलचा हंगाम संपला की एक वाद हमखास उभा राहतो. संघात सर्वांत अधिक गोल करणाऱ्या आघाडीवीराला दुसरा एखादा श्रीमंत संघ मागणी घालतो, डोळे दिपविणारी रक्कम पुढे करतो, आणि चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो की, संघाचा कणा मोडून तिजोरी भरण्यात काय पुरुषार्थ आहे? दुसरा म्हणतो की, खेळाडूचे वय वाढते, गुडघे झिजतात, आज मिळणारी किंमत उद्या मिळणार नाही. वरकरणी हा वाद केवळ खेळाचा वाटतो. त्यामुळे राजकीय कार्यकर्ता त्याकडे करमणुकीचा विषय म्हणून पाहतो आणि पुढच्या सभेच्या तयारीला लागतो. हे दुर्लक्ष पुणे शहराला महाग पडले आहे. २०१५ ते २०१९ या अल्प काळात पुण्यातील व्यावसायिक फुटबॉलचे एक नव्हे, दोन नव्हे, चार संघ मिटले. आघाडीवीर राखावा की विकावा हा प्रश्न चाहते आपापसात चघळीत असतानाच संघच्या संघ हातोहात गेला, आणि त्या वेळी कोणीही त्यांचे मत विचारले नाही.

म्हणून या प्रश्नाचा विचार खेळाच्या पानावरून उचलून विचाराच्या पानावर आणणे आवश्यक आहे. आघाडीवीर विकण्याचा निर्णय योग्य की अयोग्य हे ठरविण्यापूर्वी तो निर्णय कोण घेतो, कोणाच्या हितासाठी घेतो आणि येणारा पैसा कोठे जातो, या तीन गोष्टींची उत्तरे मिळावयास हवीत. ती उत्तरे मिळाली की मूळ प्रश्न अवघड राहात नाही.

पुण्याचा धडा

२०१४ साली देशात आठ शहरांच्या नावाने इंडियन सुपर लीग सुरू झाली. पुण्याच्या वाट्याला एफसी पुणे सिटी हा संघ आला. त्याची मालकी वाधवान उद्योगसमूह आणि चित्रपट अभिनेता हृतिक रोशन यांच्याकडे होती. या रचनेला फ्रँचायझी असे भारदस्त नाव आहे. साध्या मराठीत तिला मक्ता म्हणतात. जकातीचा मक्ता असे, दारूचा मक्ता असे, तसा हा शहराच्या नावाचा मक्ता. नाव पुण्याचे, मैदान सरकारचे, टाळ्या पुणेकरांच्या आणि कागद मात्र मक्तेदाराच्या खिशात.

पहिल्या हंगामात फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातील दाव्हिद त्रेझेगे पुण्याकडून खेळला. पुढच्या हंगामात रुमानियाचा आद्रियान मुतू आला. ही नावे मोठी होती. परंतु कारकिर्दीच्या उतरणीला लागलेली होती. खऱ्या अर्थाने पुण्याचा संघ बहरला तो २०१७-१८ च्या हंगामात. उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आणि ब्राझीलचा मार्सेलिन्यो या आघाडीच्या जोडीने मिळून सतरा गोल केले. संघ चौथ्या क्रमांकावर येऊन प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीच्या मैदानावरील पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. बंगळुरूच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि पुण्याचा प्रवास तेथे थांबला. पराभव झाला खरा. तथापि शहराला आपला म्हणावा असा संघ गवसत असल्याची भावना त्याच वर्षी निर्माण झाली. केशरी वेशातील समर्थक स्वतःला ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवून घेत.

पुढच्याच हंगामात घडी विस्कटली. सुरुवातीच्या मोजक्या सामन्यांनंतर प्रशिक्षक बदलला, संघ सातव्या क्रमांकावर घसरला. २०१९ च्या जानेवारीत, हंगाम चालू असतानाच, अल्फारो उसनवारीवर कोलकात्याच्या एटीके संघाकडे गेला. त्याच वर्षी पुण्याच्या अकादमीत वाढलेला, केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियान बंगळुरूकडे गेला. हा तरुण पुण्यातून स्पेनमधील विलारेआलकडे काही काळ शिकण्यासाठी गेला होता आणि २०१९ च्या आशिया चषकात भारताकडून खेळला होता. आणि ऑगस्टमध्ये संघच गेला. पुण्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांनी घेतली. मार्सेलिन्यो आणि आणखी काही खेळाडू नव्या संघात दाखल झाले. वाधवान समूहाच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा डोलारा त्या सुमारास कोसळत होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. गृहकर्जाच्या धंद्यातील वादळाने फुटबॉलचा मांडव उडाला, याचे आश्चर्य कोणी करू नये. ज्या झाडाला स्वतःची मुळे नाहीत ते दुसऱ्याच्या भिंतीसह पडते.

ही घटना एकटी असती तर तिला अपघात म्हणता आले असते. परंतु तिच्या आधीचा इतिहास तेच सांगतो. अशोक पिरामल समूहाने २००७ साली पुणे एफसी स्थापन केली. हा संघ आय-लीगमध्ये २००९-१० साली तिसरा, तर २०१२-१३ साली दुसरा आला. त्या दुसऱ्या क्रमांकाच्या हंगामात दक्षिण सुदानचा जेम्स मोगा हा त्याचा प्रमुख आघाडीवीर होता. हंगाम संपताच मोगा ईस्ट बंगालकडे गेला. त्याच्या जाण्याने संघ मेला काय? नाही. संघ खेळत राहिला. तो मिटला २०१५ साली, मालकांनी हात काढून घेतला तेव्हा. कल्याणी समूहाच्या भारत एफसीने तर एकच हंगाम पाहिला आणि त्याच वर्षी गाशा गुंडाळला. शिवाजियन्स हा १९८७ पासूनचा पुण्याचा क्लब डीएसके समूहाच्या नावाने आय-लीगमध्ये उतरला, लिव्हरपूलच्या सहकार्याने अकादमीही निघाली. २०१७ नंतर संघ राहिला नाही. त्या समूहाच्या प्रमुखांना ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपावरून फेब्रुवारी २०१८ मध्ये अटक झाली.

चारही प्रकरणांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे. आघाडीवीर गेल्यामुळे पुण्यातील एकही संघ बुडाला नाही; मालक गेल्यामुळे चारही बुडाले. चाहत्यांचा सारा संताप खेळाडूच्या ‘बेइमानी’वर खर्च होतो आणि ज्याने संपूर्ण संघ विकला त्याच्या इमानाविषयी मात्र कोणी प्रश्न करीत नाही. भांडवलशाही समाजात राग नेमका चुकीच्या दारावर नेऊन सोडण्याची कला मुद्दाम शिकवावी लागत नाही.

हैदराबादची पुढील कहाणीही बोध घेण्याजोगी आहे. या संघाने २०२१-२२ साली विजेतेपद मिळविले. नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे त्या वेळी त्याचा आघाडीवीर होता. दोनच वर्षांत परिस्थिती अशी पालटली की, खेळाडूंचे वेतन थकले, परदेशी खेळाडू एकामागून एक निघून गेले आणि थकबाकीच्या तक्रारींवरून फिफाने नवे खेळाडू नोंदविण्यास बंदी घातली. मालक पुन्हा बदलले, आणि २०२५ मध्ये संघ हैदराबादहून दिल्लीस हलविण्यात आला. पुणे, हैदराबाद, दिल्ली : सहा वर्षांत तीन शहरे. आघाडीवीरसुद्धा इतक्या वेगाने गाव बदलत नाहीत.

खेळाडू हा माल नव्हे

या चर्चेतील ‘विकणे’ हा शब्दच आधी तपासून घेतला पाहिजे. माणूस विकता येत नाही. विकला जातो तो करार. म्हणजे ठराविक मुदतीपर्यंत खेळाडूचे श्रम वापरण्याचा हक्क. हा भेद शब्दच्छलाचा नाही. त्यामागे कामगारांच्या दीर्घ लढ्याचा इतिहास आहे आणि तो पक्षाच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावयास हवा.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फुटबॉलपटूच्या साप्ताहिक वेतनावर कमाल मर्यादा होती. स्टेडियममध्ये लाखोंची गर्दी खेचणाऱ्या खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांपेक्षा अधिक देण्यास नियमाने मनाई होती. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची हाक दिली, तेव्हा १९६१ च्या जानेवारीत ती मर्यादा उठली. करार संपला तरी जुना क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत असे. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅम याने त्याविरुद्ध दावा लावला आणि १९६३ साली न्यायालयाने ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावर गैरवाजवी बंधन घालणारी असल्याचे मान्य केले. बेल्जियममधील झाँ-मार्क बोसमान याची कथा अधिक करुण आहे. लिएज येथील क्लबशी त्याचा करार संपला होता. तरीही क्लबने त्याला फ्रान्समधील संघाकडे जाऊ दिले नाही आणि नव्या करारात वेतन मात्र मोठ्या प्रमाणात कमी करून देऊ केले. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपल्यावर युरोपीय संघातील खेळाडूस दुसऱ्या सदस्य देशातील क्लबकडे जाण्यासाठी रक्कम मागता येणार नाही. त्या निकालाचा लाभ पुढील पिढ्यांतील खेळाडूंना मिळाला. बोसमानची स्वतःची कारकीर्द मात्र त्या लढ्यात खर्ची पडली. गिरणीत पहिला संप करणाऱ्याच्या नशिबी जे येते तेच त्याच्याही नशिबी आले.

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘निष्ठावान खेळाडू क्लब सोडीत नाही’ या भावनेमागील धोका दिसतो. मालकाला नफा दिसताच तो शहर सोडण्यास मोकळा, आणि खेळाडूने मात्र प्राणपणाने एकाच मालकाशी निष्ठा बाळगावी, ही अपेक्षा समाजवाद्याच्या तोंडी शोभत नाही. ती सरंजामी अपेक्षा आहे. फुटबॉलपटूचे कामाचे आयुष्य जेमतेम दहा-पंधरा वर्षांचे. अल्फारो पुण्यात आला तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. पायाला एकच मोठी दुखापत झाली की, जन्मभराची कमाई थांबते. अशा कामगाराला अधिक वेतन मिळत असेल, किंवा जेथे आहे तेथे वेतन वेळेवर मिळण्याची शाश्वती नसेल, तर त्याने जावे हे न्याय्यच होय.

भारतात तर ही शाश्वती पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. एके काळी खेळाडूला रेल्वेत, बँकेत, टाटा किंवा महिंद्रसारख्या कारखान्यात नोकरी मिळे. खेळ थांबला तरी चूल थांबत नसे. ते दिवस सरत गेले. २००५-०६ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० साली बंद झाला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, फगवाड्याचा जेसीटी गिरणीचा संघ २०११ साली बंद झाला. नोकरी गेली आणि तिच्या जागी कंत्राट आले. २०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातील फुटबॉलचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी खासगी कंपनीच्या स्वाधीन केले. मुदत संपत आली, नवा करार होईना, तेव्हा २०२५ च्या जुलैत सुपर लीगचा हंगामच लांबणीवर टाकण्यात आला आणि काही संघांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. लाखो रुपये मिळविणारा तारा आणि हजारात गुजराण करणारा राखीव गोलरक्षक, दोघेही एकाच दिवशी बेकार होऊ शकतात हे त्या वेळी दिसले.

विक्रीचा हिशेब

तर मग आघाडीवीर विकावा असेच म्हणावयाचे काय? प्रश्न इतका सोपा नाही. खेळाडूचे जाण्याचे स्वातंत्र्य मान्य केले म्हणजे क्लबने हाती येईल ती रक्कम घेऊन मोकळे व्हावे असे ठरत नाही. करार चालू असताना खेळाडूला सोडणे हा क्लबचा निर्णय असतो आणि त्या निर्णयाचे चांगले-वाईट मोजता येते.

चांगल्या बाजूस तीन गोष्टी मांडता येतील. पहिली, खेळाडूची स्वतःची इच्छा. दुसरी, त्याचे वय आणि उरलेली मुदत. कराराचे एकच वर्ष उरले असताना अडून बसणारा क्लब वर्षाअखेर खेळाडूही गमावतो आणि रक्कमही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या पैशाचा विनियोग. एका तीस वर्षांच्या आघाडीवीराच्या बदल्यात चौदा वर्षांच्या पन्नास मुलांना मैदान, प्रशिक्षक, आहार आणि शाळा मिळणार असेल तर विक्री ही गुंतवणूक ठरते. जगातील अनेक मानाचे क्लब याच मार्गाने टिकून आहेत.

वाईट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. गोल करणारा माणूस दुकानात मिळत नाही. त्याच्या पायाला चेंडू कसा आणि केव्हा द्यावा हे शिकण्यात मागच्या आठ-नऊ जणांचे एक-दोन हंगाम गेलेले असतात. तो गेला की, त्यांचेही कौशल्य काही काळ निरुपयोगी होते. शिवाय ज्या मुलांनी त्याला पाहून बूट बांधले, त्यांच्या डोळ्यासमोरचे उदाहरण जाते. ही किंमत जमाखर्चाच्या वहीत लिहिली जात नाही. म्हणून ती नसते असे नव्हे.

आता या दोन्ही पारड्यांकडे पाहून निर्णय कोणी घ्यावयाचा? येथेच मालकीचा प्रश्न येतो. मक्तेदाराच्या संघात विक्रीची रक्कम कोणत्या खड्ड्यात जाते हे कोणालाच ठाऊक नसते. ती अकादमीत जाईल, मूळ कंपनीच्या कर्जाच्या हप्त्यात जाईल, नाही तर पुढच्या वर्षी जाहिरातीसाठी एखाद्या म्हाताऱ्या ताऱ्याला आणण्यात जाईल. फिफाच्या नियमानुसार मुदतीपूर्वी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरात मोबदल्याचे पाच टक्के खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडविणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. घडविणाऱ्याचा वाटा मान्य करणारा हा नियम चांगला आहे. परंतु ज्या शहरात घडविणारे क्लबच शिल्लक राहात नाहीत, त्या शहरातील वाटा कोणी मागावयाचा? पुणे एफसीची अकादमी २०१६ साली एफसी पुणे सिटीने घेतली आणि २०१९ साली तो संघही पुण्याचा राहिला नाही. पीक घेऊन झाल्यावर शेतच हलविण्याचा हा प्रकार आहे.

सभासदांचा संघ

याउलट जेथे क्लबला सभासद आहेत, तेथे मोठे भांडवलही थोडे वाकते. १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानचा फुटबॉल विभाग २०२० मध्ये गोएंका समूहाच्या एटीकेशी जोडला गेला आणि क्लबच्या नावामागे मालकाच्या जुन्या संघाचे नाव चिकटले. मालकांचा वाटा ऐंशी टक्के होता. तरीही समर्थकांनी ते नाव काढण्यासाठी तीन वर्षे आवाज उठविला आणि २०२३ मध्ये विजेतेपदाच्या दिवशी मालकांना ते काढण्याची घोषणा करावी लागली. १९२० सालच्या ईस्ट बंगालमध्येही गुंतवणूकदाराशी करार कोणत्या अटींवर करावा यावरून २०२१ साली समर्थक रस्त्यावर उतरले, लाठ्या खाल्ल्या. या क्लबांचे कारभारी धुतल्या तांदळासारखे आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेथे भांडण्यासाठी एक दार तरी आहे. पुण्यात दारच नव्हते.

जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की, क्लबच्या व्यावसायिक संघात गुंतवणूकदार कितीही पैसा ओतो, मताचे बहुमत, काही अपवाद सोडल्यास, सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे. लीगच्या माध्यम-उत्पन्नाचा वाटा खासगी गुंतवणूकदारास देण्याचा बेत झाला तेव्हा प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबविले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत मागे घ्यावा लागला. इंग्लंडमधील उदाहरण तर पुण्याशी थेट जुळणारे आहे. २००२ साली विंबल्डनचा संघ मालकांनी दूरच्या मिल्टन कीन्सला नेण्याची परवानगी मिळविली. समर्थकांनी रडत न बसता स्वतःच्या मालकीचा नवा क्लब काढला, अगदी तळाच्या स्थानिक लीगपासून सुरुवात केली, २०११ साली व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळविला आणि २०२० साली आपल्या जुन्या वस्तीतील नव्या मैदानावर तो परतला. मालक संघ घेऊन गेला. क्लब मात्र लोकांपाशीच राहिला.

महाराष्ट्राला यासाठी परदेशाकडेच पाहावे लागेल असे नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. तेथेही खेळाडू एका तालमीकडून दुसरीकडे जातात, परदेशी खेळाडूही आणले जातात, चढाओढीतून हाणामाऱ्याही होतात. त्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. परंतु आघाडीवीर गेला म्हणून तालीम उठून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्याचे कोणी ऐकलेले नाही. शाहू स्टेडियमवर पिढ्यान्पिढ्या तीच नावे लढतात, कारण त्या नावांचा मालक तेथे राहणारा माणूस आहे.

ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो ऊस पिकविणारा आणि कारखान्याचा मालक एकच असावा या विचारातून. सहकाराचे पुढे काय झाले हेही महाराष्ट्राने पाहिले आहे : सभासद नावापुरते उरले, घराणी बसली, काही कारखाने कवडीमोलाने खासगी हातांत गेले. म्हणून केवळ ‘सभासदांचा क्लब’ अशी पाटी लावून भागणार नाही. जागरूक सभासद, दरवर्षीचा खुला हिशेब आणि ठराविक मुदतीने बदलणारे कारभारी नसतील, तर मक्तेदाराच्या जागी पुढारी येईल, एवढाच फरक.

काय मागावे, काय करावे

भांडवल नको, क्लब हौसेवर चालवा, असा भाबडा उपदेश येथे अभिप्रेत नाही. व्यावसायिक संघाला पैसा लागतो. प्रश्न त्या पैशावरील अटींचा आहे, आणि अटी घालण्याचे साधन समाजाच्या हाती आहे. ते साधन म्हणजे मैदान. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून उभे राहिले. पुणे एफसी, भारत एफसी, एफसी पुणे सिटी हे संघ तेथेच खेळले. या मैदानाशिवाय पुण्यात मोठा संघ उभा करणे कोणत्याही उद्योगपतीला अवघड आहे. मग मैदान देणाऱ्याने आपल्या अटी का घालू नयेत?

अशा किमान चार अटी सुचविता येतील. एक : संघाचे नाव, रंग आणि चिन्ह यांची मालकी नोंदणीकृत सभासद-संस्थेकडे असावी आणि तिच्या सर्वसाधारण सभेच्या मंजुरीवाचून संघ शहराबाहेर नेता येऊ नये. दोन : खेळाडू व कर्मचारी यांच्या काही महिन्यांच्या वेतनाइतकी अनामत रक्कम हंगामापूर्वी जमा करावी. तीन : अकादमीतील मुलांचे शिक्षण व निवास पूर्ण होईपर्यंतचा खर्च वेगळ्या निधीत बांधून ठेवावा, मालक पळाला तरी मुले रस्त्यावर येता कामा नयेत. चार : आघाडीवीर असो वा राखीव खेळाडू, त्याच्या हस्तांतरातून आलेल्या रकमेचा ठराविक वाटा त्याच शहरातील मैदाने आणि कनिष्ठ संघ यांवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब प्रसिद्ध व्हावा.

यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. भाडेकरूकडून अनामत घेणाऱ्या कोणत्याही घरमालकाला त्या समजतील. परंतु त्या आपोआप मान्य होणार नाहीत. त्यासाठी कार्यकर्त्यांनी दोन ठिकाणी काम करावयास हवे. खेळाडूंची संघटना भारतात आहे. बायचुंग भुतिया यांच्यासारख्या नामवंतांनी तिच्या उभारणीत पुढाकार घेतला होता. थकलेल्या वेतनाच्या आणि विम्याच्या प्रश्नावर कामगार संघटनांनी तिला आपली मानून पाठिंबा दिला पाहिजे. दुसरे ठिकाण म्हणजे वस्ती. खडकी, कॅम्प, वानवडी या भागांत लष्करी छावण्यांच्या सहवासाने फुटबॉल फार पूर्वी रुजला. जिल्हा लीगमध्ये खेळणारे लहान क्लब वर्गणीवर, जुन्या खेळाडूंच्या पदरमोडीवर आणि संध्याकाळच्या दोन तासांच्या उजेडावर चालतात. मोठे चार संघ मिटले तरी हे क्लब मिटले नाहीत. सभासदांचा संघ उभारावयाचा तर तो येथूनच उभारावा लागेल. विंबल्डनच्या लोकांनीही तळाच्या लीगपासूनच सुरुवात केली होती.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. क्लब सभासदांचा असेल, खेळाडूची जाण्याची इच्छा असेल आणि येणारा पैसा पुढच्या पिढीच्या पायांत जाणार असेल, तर आघाडीवीर खुशाल जाऊ द्यावा. त्याचा निरोपसमारंभ करावा आणि नवा आघाडीवीर घडवावा. सभासदांनी नको म्हटले तर करार संपेपर्यंत त्याला राखावे, चांगले वेतन द्यावे आणि पुढे त्याच्या पायांवर कोणाचीही सत्ता नाही हे मान्य करावे. दोन्ही निर्णय चुकू शकतात. परंतु ते लोकांचे निर्णय असतील आणि चूक दुरुस्त करण्याची संधी लोकांपाशी राहील. आणि क्लब मक्तेदाराचा असेल, तर आघाडीवीराच्या विक्रीवर वाद घालण्यात वेळ दवडू नये. त्या दिवशी बालेवाडीच्या दाराशी जमून विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे : उद्या हा संघच विकला, तर आम्हाला कोण विचारणार? २०१९ साली हा प्रश्न विचारण्यासाठी पुण्यात कोणतीही संस्था उभी नव्हती. पुढच्या वेळी ती असावी, ही जबाबदारी ज्यांना संघटना बांधण्याचे काम येते त्यांची आहे.